दुरुस्ती

महाराष्ट्र दोन वर्षांचा झाला तेव्हा धाड गावाजवळच्या खेड्यात गुरुजींनी सातवीच्या वर्गाचीच घटना समिती केली. बाकांवरची पोरं समानतेच्या कलमावर दोन तास भांडली. बाकं पुरत नव्हती, म्हणून पोरी वर्षभर तरटावरच होत्या. सुताराच्या पोरीला, कोकिळेला, एकदा तरी बाकावर बसायचं होतं. अध्यक्ष झालेल्या निवृत्तीनं विचारलं, “कोणाची दुरुस्ती आहे?” “माही,” म्हणत कोकिळा घरी पळाली आणि बापाची हातोडी घेऊन आली. कोपऱ्यातल्या लंगड्या बाकाला तिनं चार खिळे ठोकले. “अगं, दुरुस्ती म्हणजे कलमात बदल,” गुरुजी म्हणाले. “कलम बराबर हाय, गुर्जी. सारे समान म्हनते. बाकच मोडकं होतं.” तीन मैत्रिणींना घेऊन ती बाकावर बसली. “हे नियमात बसत नाही,” निवृत्ती कुरकुरला. “आमी बसलो ना.” दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. हातोडी अजून कोकिळेच्याच हातात होती.