तू बोट होतास

"मी आई होते," खिमेना म्हणाली. "नूरिया, तू बाबा होतीस. तू लांब मासे धरायला जायचीस आणि मी रडायचे नाही."

सान्तोन्या बंदराच्या धक्क्यावर पोरं खेळ मांडतात तो असाच, सगळं आधीच होऊन गेल्यासारखं. एकदा 'होतास' म्हटलं की संपलं. मग कुणाची हुज्जत चालत नाही, आईबापांचीसुद्धा.

खिमेनाचा बाप फेर्मीन शेजारीच आपल्या बॅगेवर बसला होता. विमानतळावर नेणारी गाडी कुठल्याही क्षणी येणार होती. पुढे हिंदी महासागर, ट्यूना मासे धरणारी बोट, आणि घरी परत यायचं ते नाताळ उलटल्यावर. सकाळपासून पोरगी त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. निरोपाचा पापा घ्यायला तो वाकला, तर ती सरळ मांजर बघायला निघून गेली. ते त्याला फार लागलं होतं.

"मलाही घ्या की खेळात," तो म्हणाला.

"बाबा आहे आमच्याकडे," शेजारच्या नूरियाने ठणकावलं.

खिमेनाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तू बोट होतास."

बोट तर बोट. प्रवासाच्या धुतलेल्या पँटसकट तो हातागुडघ्यांवर ओणवा झाला. नूरिया पाठीवर चढली. त्याने तोंडाने भोंगा वाजवला आणि एक हात पुढे टाकला.

"ए, थांब!" खिमेनाने त्याला चापट मारली. "तू चालायचासच नाही. तुझं इंजिन बिघडलेलं होतं."

"मग मी कशी जायची?" नूरियाने विचारलं.

"जायचीसच नाही."

तेवढ्यात रस्त्यावर खराखुरा हॉर्न वाजला. खिमेनाची आई बेगोन्या लगबगीने आली. "फेर्मीन, गाडी आली! काय हा पोरखेळ? विमान थांबणारे का तुझ्यासाठी?"

नूरिया चटकन खाली उतरली. फेर्मीन तसाच राहिला. खिमेनाने त्याचा शर्ट मागून दोन्ही मुठींत धरला होता.

"अरे, ऊठ ना!"

"कसा उठू?" तो मान खाली घालूनच म्हणाला. "इंजिन बिघडलंय."

बेगोन्या काही बोलायला गेली, पण तिला त्या मुठी दिसल्या. तिने ड्रायव्हरला थांबायची खूण केली आणि लेकीशेजारी खाली बसली.

"आणि मी गं? मी कोण होते?"

"तू इंजिन दुरुस्त करणारी होतीस," खिमेना म्हणाली. "आणि तुला ते जमायचंच नाही."