मागची सीट

आर्डेलियाचे बाबा मेम्फिसमधल्या रेकॉर्ड कंपनीच्या गोऱ्या क्लाइडसाहेबाची गाडी चालवत. सौद्याला जाताना हे दोघं वाटभर बोलतात तरी काय, याचं तिला लहानपणापासून कुतूहल होतं.

बाबांना पुरल्यावर आठवड्याभरातच क्लाइड गाडी घेऊन तिच्या दारात उभा राहिला, हॅट हातात धरून.

"शिकागोचे लोक सौद्यासाठी हॉटेलात थांबलेत, आर्डेलिया. मी काय बोलू?"

"साहेब, कंपनी तुमची. मला काय विचारता?"

"कंपनी तुझ्या बाबांची, पोरी. काळ्या मालकाशी सौदा कोण करणार? ते गाडीत पढवायचे, मी तिथे पोपटासारखा बोलायचो."

खुंटीवरची बाबांची ड्रायव्हरची टोपी काढून तिने त्याच्या हातात ठेवली.

"अगं, मग बोलणार कोण?"

आर्डेलिया मागच्या सीटवर जाऊन बसली होती.