पऱ्हाट्यांवरचा वेल

कुसुमबाई स्टूल घेऊन बाहेर आल्या आणि चंद्रभान हातातलं खुरपं टाकून धावत पुढे आला.

"आज वेल मीच बांधते," त्या म्हणाल्या. "फाल्गुन लागला, अजून एक पान नाही. बघू तरी काय झालंय."

"ऱ्हाऊ द्या, बाईसाब. म्या बांधतो की." स्वतःचा आवाज त्याला चोरासारखा वाटला.

शेतकी साहेबांच्या, म्हणजे कुसुमबाईंच्या यजमानांच्या, बंगल्याच्या भिंतीला पऱ्हाट्यांची ताटी होती. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या वाळक्या काटक्या; परभणीत त्यांची ताटीही होते आणि चुलीला सरपणही होतं. त्या ताटीवर बाईंचा वेल. भावाने बंगळूरहून आणून दिलेला, उन्हाळ्यात जांभळा फुलणारा. नाव क्लेमाटिस. आपल्या डोंगरातल्या मोरवेलाचाच हा भाऊबंद, असं बाई आल्यागेल्याला सांगायच्या. मुळाला गारवा हवा म्हणून त्यांनी बुंध्याभोवती कौलाचे तुकडे मांडले होते, त्यावर ओलं पोतं. घरातल्या माणसांचं एवढं कोणी करत नाही.

आणि तो वेल वीस दिवसांपूर्वी बुंध्यापासून तुटला होता. हे बाई सोडून दोघांना माहीत होतं. एक चंद्रभान, बंगल्याचा रोजंदारीवरचा माळी. दुसरी त्याची बायको बायनाबाई, जी या क्षणी मागच्या पडवीत ज्वारी पाखडत होती.

चूक अगदी सरळ होती. ताटीतल्या मोडक्या पऱ्हाट्या सरपणाला ने, असं बाईंनीच तिला सांगितलं होतं. माघात वेलाची पानं झडून गेलेली. वाळका वेल आणि वाळकी पऱ्हाटी, रंग एक, जाडी एक. बायनाबाईने विळा चालवला, मोळी बांधली आणि घरी नेली. संध्याकाळी चुलीपुढे ती मोळी पाहून चंद्रभानला भाकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने उरलेले फाटे परत आणले आणि सुतळीने ताटीवर बांधून टाकले. मेलेल्या माणसाला पटका गुंडाळून ओसरीवर बसवावं, त्यातली गत.

तेव्हापासून रोज तो पोतं उचलून बघायचा. माती. नुसती ओली माती. कोंब आला तर वाचलो, नाहीतर पुन्हा रस्त्यावर खडी फोडायची. दुष्काळात नवराबायकोने तेच केलं होतं. ते आठवलं की अजून त्याचे तळहात दुखत.

कुसुमबाई स्टुलावर चढल्या. वरचा एक फाटा त्यांनी अलगद ओढला. तो हातातच आला. मग दुसरा.

"चंद्रभान, याला खाली बुंधाच नाही!"

"वाळवी, बाईसाब," चंद्रभान घाईघाईने म्हणाला. "यंदा लय वाळवी लागलीय. म्या सांगणारच व्हतो..."

पडवीतलं सूप थांबलं. पदराला हात पुसत बायनाबाई पुढे आली.

"वाळवी न्हाई. म्या तोडला, बाईसाब. पराटी समजून. निम्मा चुलीत गेला. ह्यांचा कायबी कसूर न्हाई."

चंद्रभानने डोळे मिटून घेतले. वीस दिवस त्याने जिवाच्या आकांताने जे झाकलं, ते हिने एका दमात उघडं केलं होतं.

"कधी?" बाईंचा चेहरा लाल झाला होता.

"ईस दीस झाले."

"वीस दिवस? मग मी रोज पाणी कशाला घालत होते?"

"मुळीला," बायनाबाई म्हणाली. ती मागे सरली नाही. "मुळी म्या काढली न्हाई, बाईसाब. शेतात पराटी आमी मुळासकट उपटतो. हिला वडली तर येईना. खोल रोवली आसंल म्हणून तिथंच कापली. आता कळायलंय. मेलेलं एवढं धरत न्हाई."

कुसुमबाई स्टुलावरून उतरल्या. खाली बसल्या, पोतं बाजूला केलं, एक कौल उचललं आणि बोटांनी माती उकरू लागल्या. दोन बोटं खोल गेल्यावर त्यांचा हात थांबला. ज्वारीला मोड यावा तेवढा एक कोंब, लालसर. त्याच्या शेजारी दुसरा.

"तीन वर्षं पुस्तकात वाचतेय, माघात बुंध्यापासून छाटा, मग खालून जोमाने फुटतो म्हणून," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मला धीर झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात दोन फुलं आली, तीही पार वर, छपराजवळ."

चंद्रभानच्या कानात यातलं काही शिरलं नाही.

"बाईसाब," त्याने विचारलं, "उद्यापासून म्या येऊ का नको?"

"वाळवीचं खोटं बोललास, ते मी विसरायची नाही." बाईंनी मान वर केली नाही. "आणि नुसता उभा काय राहिलास? सावली कर. कोवळे आहेत. उन्हाळाभर जपावं लागेल यांना."

चंद्रभानने डोक्याचा पटका सोडला आणि दोन्ही हातांनी कोंबांवर धरला. ऊन त्याच्या टकलावर आलं. चेहरा तसाच, कामावरून काढलेल्या माणसाचा.

"पर बाईसाब, उद्या..."

बायनाबाईने त्याला कोपराने ढोसलं.

"उन्हाळाभर म्हणल्या त्या," ती हळूच म्हणाली. "ऐकू येईना का तुमाला?"