पेट्रोलचा वास

गाडीत पेट्रोलचा वास येतोय, हे महिनाभर मी घसा फोडून सांगत होते. मागच्या सीटवर लेकीला रोज मळमळायचं, पण नवऱ्याचं एकच पालुपद, “गाडी ठणठणीत आहे. तुझं नाकच जरा जास्त शहाणं आहे!” शिवाय समोर लिंबाच्या वासाची डबी चिकटवून मोकळा झाला.

शेवटी रविवारी दुपारी, तो ढाराढूर झोपलेला असताना, मीच गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. तासाभरात टाकीखालच्या कागदावर ओला डाग उमटला. गाडीखाली शिरून पाहिलं, तर टाकीतून निघणारा रबरी पाइप क्लिपपाशी चिरला होता आणि थेंब थेंब गळत होता. मी तणतणत दुकानात गेले, नवा पाइप आणला आणि कोपरं सोलवटून घेत तो बसवला. क्लिप तर अशी आवळली, जणू कुणाचा तरी गळाच. पुन्हा कागद पसरला. या वेळी तो कोरडा राहिला.

संध्याकाळी आम्ही बाहेर निघालो. नवऱ्याने गाडीत बसून चहूकडे हुंगून पाहिलं, मग माझ्याकडे झुकून पुन्हा हुंगलं.

 

“बघ, सांगत नव्हतो? गाडीला वास नाहीच. तुझ्याच हातांना येतोय!”