तिसरा प्रश्न

दवाखान्यात ईसीजी काढणाऱ्या त्या माणसाचे तीन प्रश्न ठरलेले होते. चक्कर येते का? कधी शुद्ध हरपली का? घरात कुणी कमी वयात अचानक गेलं का? तिन्हींना 'नाही' आलं की तो पेशंटला म्हणायचा, "मग एखादा ठोका घाई करतो, एवढंच. सगळ्यांचाच करतो. जा निवांत, डॉक्टरही हेच सांगतील."

घरी बायको म्हणायची, छातीत मासा उलटल्यासारखं होतं. तो दाढी करता करता तिचं मनगट धरायचा. "घाईचा ठोका आहे. चहा कमी कर."

"जगाला मशीन आणि घरच्यांना नुसती बोटं," ती हसायची. एकेचाळिसाव्या वर्षी कपडे वाळत घालताना ती पडली, ती उठलीच नाही.

त्याला तीन वर्षं झाली. आज दवाखान्यात ईसीजीच्या टेबलावर त्याची लेक झोपली होती. सिस्टरनं तारा लावून दिल्या होत्या.

"चक्कर येते?"

"कधीकधी."

"शुद्ध हरपली कधी?"

"परवा, जिन्यात. मिनिटभर."

तिसरा प्रश्न त्यानं विचारला नाही. खाली मान घालून फॉर्मवर नुसतं 'हो' लिहिलं.

मशीनमधून कागद सरकत होता. लेक छताकडे बघत म्हणाली, "आईलाही यायची चक्कर. मला म्हणाली होती, बाबांनी विचारलं की सांगेन."