कोन किती?

गणिताच्या बाईंची नोकरी कायम होणार की नाही, ते आज मागच्या बाकावर बसलेल्या तपासणीच्या साहेबांच्या हातात होतं. पडद्यावर सॉफ्टवेअरमधलं वर्तुळ होतं, त्यात व्यास, आणि व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडलेला वर्तुळावरचा एक बिंदू. बाई तो बिंदू माउसने सरकवत होत्या, आणि "कोन किती?" विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडत होता, "नव्वद!"

साहेब उठून पुढे आले. "बघू, द्या जरा इकडे." त्यांनी माउस घेतला, तो बिंदू सोडून व्यासाचं टोकच बाजूला ओढलं. "आता किती?"

"नव्वद!" वर्ग दणाणला. पडद्यावर चौसष्ट होते.



पहिल्या बाकावरची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "पण बाई, काल तालमीत शिपाईकाका साहेब झाले होते, तेव्हा त्यांनी कुठे माउसला हात लावला होता?"