पंप बंद करा

"पंप बंद करा!" दुसऱ्या मजल्यावरून पेंढारकरकाका ओरडले आणि सवयीने माझा हात स्विचवर गेला. पंप थांबला.

सोसायटीची गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की काका गॅलरीतून असेच ओरडायचे. पण आज तर मी पंप आत्ताच लावला होता!

तेवढ्यात खालच्या टाकीच्या तोंडातून केरबा वर आला, थरथरत. आज तो आत उतरून टाकी धुणार होता, हे मी साफ विसरले होते.

"करंट बसला, वैनी! काका ओरडले म्हणून वाचलो. बोलवा की त्यांना, पाया पडतो."

मी वर पाहिलं. गॅलरीचं दार बंदच होतं. त्या घराची किल्ली माझ्याच जुडग्यात होती, काकांचं तेरावं झाल्यापासून.